निर्णीत विषयाचा पुनर्विचार

सभेने, विधिमंडळाने किंवा न्यायसभेने चर्चा करून एकदा निकालात काढलेला विषय पुन्हा उपस्थित करण्याविषयीचे संकेत व नियम. जुना विषय उकरून काढू नये, असे सर्वसाधारणपणे म्हटले जात असले, तरी कोणत्याही मोठ्या परंपरेने तसा सरसकट मज्जाव केलेला आढळत नाही. विषय कोणी, किती काळाने, कोणत्या नव्या कारणावरून आणि कोणती जोखीम पत्करून पुन्हा मांडावा, एवढेच हे नियम ठरवतात. त्यामुळे त्यांच्याकडे बंदी म्हणून न पाहता पुनर्विचाराच्या अटी म्हणून पाहणे योग्य ठरते.

भारतीय परंपरेत हा प्रश्न प्रथम न्यायदानाच्या संदर्भात आला. मनुस्मृतीत (९·२३३) ‘तीरित’ आणि ‘अनुशिष्ट’ (निकाल लागलेल्या दाव्यांच्या दोन संज्ञा; अर्थ पुढे पाहू) झालेले कार्य, म्हणजे दावा, धर्माने झाले असे समजावे व राजाने ते पुन्हा फिरवू नये, असे सांगितले आहे. नारदस्मृतीतील एक श्लोक नेमक्या याच शब्दांनी सुरू होतो, पण त्याची दिशा उलटी आहे. असा निकाल अधर्माने लागला असे ज्याला वाटते, त्याने दुप्पट दंड पत्करून ते कार्य पुन्हा उभे करावे (द्विगुणं दण्डमास्थाय तत्कार्यं पुनरुद्धरेत्). पहिला चरण समान आणि विधान विरुद्ध, यावरून नारदाने मनूला उत्तर दिले, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तथापि दोन्ही स्मृतिकारांनी तोंडी चालत आलेले एकच जुने वचन घेऊन आपापल्या मताप्रमाणे पुरे केले असणेही तितकेच शक्य आहे. स्मृतिग्रंथांत अशी सामाईक वचने विपुल असल्याने हा दुसरा पर्याय अधिक सावध वाटतो. पां. वा. काणे यांनी नारदस्मृतीचा काळ सु. इ. स. १०० ते ३०० असा धरला आहे. अलीकडील काही अभ्यासक तो पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत पुढे आणतात. मनुस्मृती नारदापूर्वीची, एवढा क्रम मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे.

तीरित कोणते आणि अनुशिष्ट कोणते, यावर टीकाकारांत एकवाक्यता नाही. कात्यायन या स्मृतिकाराच्या वचनानुसार सभ्यांनीच (न्यायसभेच्या सदस्यांनीच) खरेखोटे ठरवून दिलेला निकाल तीरित, तर साक्षीदारांच्या सांगण्यावरून लागलेला निकाल अनुशिष्ट. काही टीकाकार या जोडीचा अर्थ ‘निर्णय झालेला’ आणि ‘दंडाची अंमलबजावणी झालेला’ असा लावतात. हा वाद केवळ शाब्दिक नाही. दुसरा अर्थ घेतला, तर दंड वसूल झाल्यानंतरही वाद पुन्हा उभा करता येतो, असे नारदाचे म्हणणे होते. पहिल्या अर्थाने त्याचा रोख निर्णयाच्या पायावर, म्हणजे सभ्यांच्या मतावर आणि साक्षीवर येतो. कात्यायन व्यवहारविषयक, म्हणजे न्यायदानाच्या, बाबतीत नारदाच्या परंपरेला जवळचा असल्याने त्याचा अर्थ येथे अधिक ग्राह्य मानला आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीची व्यवस्था जास्त रेखीव आहे. बळजबरीने किंवा कपटाने घडलेले व्यवहार रद्द करावेत, हा सामान्य नियम व्यवहाराध्यायाच्या आरंभीच्या भागात (२·३१) येतो. अध्यायाच्या अखेरीस दोन श्लोक जोडीने आहेत. निकाल चुकीचा होता असे राजाच्या फेरतपासणीत ठरले, तर सभ्य आणि पूर्वी जिंकलेला पक्ष यांना वादाच्या रकमेच्या दुप्पट दंड करावा. उलट न्यायाने हरूनही ‘मी हरलो नाही’ असे मानून परत आलेल्याला पुन्हा हरवून त्याच्याकडून दुप्पट दंड घ्यावा. नारदाकडे दंड आधीच पत्करायचा आहे. याज्ञवल्क्याकडे तो फेरनिकालानंतर लागतो आणि दोन्ही बाजूंना लागू शकतो. निकाल देणाऱ्या सभ्यांनाही त्यात धरले आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी. पुनर्विचाराची किंमत केवळ तक्रारदाराने मोजावी, ही कल्पना याज्ञवल्क्याला मान्य नव्हती.

याच्याशी निगडित संज्ञा ‘प्राङ्न्याय’ ही होय. प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार धर्मशास्त्रात मानले आहेत : दावा कबूल करणे, नाकारणे, कबूल करून सुटकेचे कारण देणे आणि याच प्रकरणात वादी पूर्वी हरला आहे असे दाखवणे. शेवटचा प्रकार म्हणजे प्राङ्न्याय. तो सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर असे व त्यासाठी जयपत्र (जिंकलेल्या पक्षाला मिळालेला निकालाचा लेख) किंवा पूर्वीच्या सभेतील माणसे पुढे करावी लागत. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ११ चे तत्त्व हेच असले, तरी ते इंग्रजी कायद्याच्या मार्गाने आले. साम्यावरून परंपरा सलग असल्याचे मानू नये.

मराठेशाहीत गोतसभेचा (भाऊबंद व गावकरी यांच्या न्यायसभेचा) निवाडा मजहरात (निवाड्याच्या लेखात) नमूद होई आणि हरलेल्या पक्षाकडून यजितपत्र (हार मान्य केल्याचा लेख) लिहून घेतले जाई. वतनाचे तंटे तरीही पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा उभे राहत. गावच्या गोताच्या निवाड्यावर पक्षकाराचा भरवसा नसेल, तर ‘परस्थळी’ (दुसऱ्या गावी) मनसुबी (तंट्याची सुनावणी) नेण्याची सोय होती.

विधिमंडळांच्या कामकाजात या नियमाचा सर्वांत जुना, सतत उद्धृत होणारा आधार म्हणजे इंग्लंडच्या हाऊस ऑफ कॉमन्सची २ एप्रिल १६०४ ची नोंद. एकदा मांडलेला आणि होकारार्थी किंवा नकारार्थी निकाल लागलेला प्रश्न पुन्हा विचारता येणार नाही, तो सभागृहाचा न्याय म्हणून कायम राहील, असा तिचा आशय आहे. त्याच दिवसांत बकिंगहॅमशरच्या जागेवर गुडविन निवडून आला की फोर्टेस्क्यू, यावरून पहिला जेम्स राजा आणि कॉमन्स यांच्यात खटका उडाला होता. सभागृहाने गुडविनच्या बाजूने दिलेला निर्णय पुन्हा विचारात घ्यावा, असा राजाकडून दबाव होता. हा नियम या प्रकरणातून जन्मला की आधीची रूढी या प्रसंगी लेखी आली, हे निश्चित सांगणे कठीण. १६०४ हे वर्ष नोंदीचे समजावे, रूढीच्या आरंभाचे नव्हे, हा पक्ष अधिक सुरक्षित. पार्श्वभूमी मात्र विसरू नये. हा नियम सभासदांची तोंडे बंद करण्यासाठी आला नाही. बाहेरच्या सत्तेने सभेला तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारायला लावू नये, या गरजेने तो पुढे आला.

या नियमाला अधिवेशनाची मर्यादा आहे. एका अधिवेशनात फेटाळलेला विषय पुढच्या अधिवेशनात आणता येतो, म्हणून महत्त्वाच्या प्रसंगी अधिवेशनच संपवण्याची युक्ती वापरली गेली. ८ ऑक्टोबर १८३१ रोजी लॉर्ड्‌सनी संसदेच्या निवडणूकपद्धतीत सुधारणा करणारे विधेयक फेटाळले; २० ऑक्टोबरला संसदेची सत्रसमाप्ती झाली; ६ डिसेंबरला नवे अधिवेशन भरले आणि काही दिवसांतच नवे विधेयक दाखल झाले. १८३२ च्या जूनमध्ये त्याचा कायदा झाला.

अलीकडचे ठळक उदाहरण ब्रेक्झिटचे, म्हणजे ब्रिटनच्या युरोपीय संघातून माघारीचे. टेरेसा मे यांच्या सरकारचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ आणि १२ मार्चला ३९१ विरुद्ध २४२ मतांनी फेटाळला गेला. तिसऱ्यांदा तोच ठराव येणार असे दिसताच सभापती जॉन बर्को यांनी १८ मार्चला १६०४ च्या नोंदीचा हवाला देऊन, तोच किंवा तत्त्वतः तोच प्रस्ताव त्याच अधिवेशनात मांडता येणार नाही, असे सांगितले. दुसऱ्या वेळची मांडणी मधल्या काळात झालेल्या बदलांमुळे वेगळी ठरली होती, असा खुलासाही त्यांनी केला. २९ मार्चला सरकारने राजकीय घोषणापत्र (युरोपीय संघाशी पुढील संबंधांविषयीचा मसुदा) बाजूला ठेवून केवळ माघारीचा करार मांडला, तेव्हा तो चर्चेला घेतला गेला आणि ३४४ विरुद्ध २८६ मतांनी पडला. ‘तत्त्वतः तोच’ याचा अर्थ किती ताणता येतो, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. तेथील प्रतिनिधिगृहात सु. १८०२ पासून पुनर्विचाराच्या प्रस्तावाला लेखी नियमाचा आधार आहे. लष्करी अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सभानियमांनी हा प्रस्ताव क्लब, चर्च, संघटना यांच्या सभांपर्यंत नेला. यातील मर्माची अट अशी की, पुनर्विचाराचा प्रस्ताव जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्या सभासदानेच मांडावा. म्हणजे निर्णयाच्या बाजूने असलेल्या निदान एका माणसाचे तरी मन बदललेले असले पाहिजे. ही अट पाळूनही तिला वळसा घालता येतो : अमेरिकी सिनेटमध्ये ठराव पडतो आहे असे दिसले, की बहुमताचा नेता ऐनवेळी आपले मत विरोधात फिरवतो, जेणेकरून जिंकलेल्या बाजूचा सभासद म्हणून तोच विषय पुढे कधी तरी पुन्हा आणण्याचा हक्क त्याच्याकडे राहावा. रॉबर्टच्या पद्धतीत हा प्रस्ताव त्याच दिवशी किंवा अधिवेशनाच्या लगतच्या दिवशी यावा लागतो. त्यानंतर संमत ठराव रद्द करायचा, तर पूर्वसूचना असल्यास साधे बहुमत पुरते, नसल्यास दोनतृतीयांश किंवा एकूण सभासदसंख्येचे बहुमत लागते. ज्या ठरावाची परत न फिरवता येणारी कार्यवाही होऊन गेली, तो तेवढ्यापुरता रद्द करता येत नाही.

भारतात लोकसभेच्या नियम ३३८ नुसार, सभागृहाने त्याच अधिवेशनात निर्णय दिलेल्या प्रश्नाशी तत्त्वतः समान असलेला प्रस्ताव मांडता येत नाही. संकल्पांच्या बाबतीत ही मुदत एक वर्षाची आहे. संविधान सभेतही निर्णीत प्रश्न पुन्हा खुला करण्यासाठी सभेची संमती लागे, आणि सभेने हा मार्ग मोकळेपणाने वापरला. राज्यपाल थेट मतदानाने निवडावा, असे तत्त्व जुलै १९४७ मध्ये स्वीकारले गेले होते. मे १९४९ मध्ये त्यावर पुन्हा चर्चा होऊन राष्ट्रपतींनी नेमणूक करावी, असे ठरले. मधल्या काळात फाळणी झाली होती आणि मुख्यमंत्री व निवडून आलेला राज्यपाल अशी दोन सत्ताकेंद्रे होण्याची भीती बोलून दाखवली गेली होती. परिस्थिती बदलली म्हणून सभेने आपला निर्णय स्वतःहून बदलल्याचे हे उत्तम उदाहरण आहे. संविधानाच्या अनुच्छेद १११ मध्ये राष्ट्रपतींना विधेयक फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येते. ते पुन्हा संमत झाल्यास संमती रोखता येत नाही.

महाराष्ट्रातील सामान्य नागरिकाची या नियमाशी गाठ पडते ती गृहनिर्माण संस्थेच्या सभेत. आदर्श उपविधींनुसार, मूळ ठराव संमत झाल्यापासून सहा महिने उलटल्याखेरीज तो रद्द करणारा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आणता येत नाही. व्यवहारात मात्र जुना विषय बहुधा दुसऱ्याच वाटेने येतो. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो. चिटणीस ठराव वाचू लागले, की त्या वेळी विरोधात असलेले किंवा गैरहजर राहिलेले सभासद ठरावाच्या गुणदोषांवर बोलू लागतात. वाहनतळाच्या जागा, गळतीचा खर्च, पुनर्विकासासाठी सल्लागाराची निवड हे नेहमीचे विषय. सभाशास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे. इतिवृत्त कायम करताना, घडले ते बरोबर लिहिले आहे का, एवढाच प्रश्न असतो. घडले ते योग्य होते का, हा नाही. सूचकाचे नाव चुकले, मतांचा आकडा चुकला, विरोध नोंदवायचा राहिला, या हरकती येथे घेता येतात. अध्यक्षांनी ही सीमा नम्रपणे पण वेळीच दाखवून देणे आवश्यक असते, कारण एकदा चर्चा सुरू झाली की सभेचा वेळ तीत जातो आणि नवे विषय ‘वेळेअभावी तहकूब’ होतात.

‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या कलमाखाली जुना ठराव फिरवणे त्याहून गंभीर. सूचनेत विषय नसल्याने घरी राहिलेल्या सभासदांवर तो अन्याय ठरतो. जुना विषय खरोखरच पुन्हा घ्यायचा असेल, तर सभेच्या सूचनेत मूळ ठरावाची तारीख व क्रमांक देऊन फेरविचाराचे कारण लिहावे, हा सरळ मार्ग आहे. समिती विषय घेत नसेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७६ प्रमाणे एकपंचमांश सभासद लेखी मागणी करून विशेष सर्वसाधारण सभा बोलवायला लावू शकतात. मागणी मिळाल्यापासून एका महिन्यात ती सभा भरवावी लागते.