पार्श्वभूमी : भांड्याच्या तळावरचा शिक्का

सिरॅमिक कलाकाराचे प्रदर्शन म्हटले की भांड्यांशेजारी भिंतीवर एक निवेदन हवेच. त्यात प्रेरणास्थाने असतात: पोपडे सुटलेली भिंत, ओहोटीची वाळू, चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळातला एखादा वाडगा. भांडे घडवणाऱ्याने स्वतःच्या मनाबद्दल असे लिहायची पद्धत जेमतेम शतकभराची आहे.

नाव घालायची हौस मात्र जुनीच. इसवी सनपूर्व सहाव्या शतकात अथेन्सच्या घटांवर घडवणारा आणि चितारणारा अशा दोघांची नावे सापडतात. एका चितारणाऱ्याने तर घटावर प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन टोमणा लिहून ठेवला आहे. चीनमध्ये जिंगदेजेनच्या शाही पोर्सेलीनवर बादशहाच्या राजवटीची खूण असे, कारागिराची नसे. एक भांडे सत्तर हातांखालून जाते असे तिथे म्हणतात, हे एका जेसुइट धर्मोपदेशकाने 1712 सालच्या पत्रात नोंदवले आहे. त्या सत्तरांपैकी कोणाला प्रेरणा विचारणार?

आजच्या कलाकाराची खरी वंशावळ सुरू होते ती विसाव्या शतकाच्या तोंडाशी. चीनमध्ये रेल्वेमार्ग खणताना जुनी थडगी उघडी पडली आणि त्यांतली भांडी युरोपच्या बाजारात पोचली. 1910 साली लंडनमध्ये जुन्या चिनी भांड्यांचे प्रदर्शन भरले. चित्रकाम जवळपास नाही, सगळी किमया ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराची. ग्लेझमध्ये लोह एक-दोन टक्के असेल आणि भट्टीत हवा कमी पडू दिली तर फिकट हिरवा रंग येतो; लोह आठ-दहा टक्क्यांवर गेले की काळा-तपकिरी. हे एकट्याने करून पाहणे आता शक्य होते, कारण 1886 पासून बर्लिनमध्ये असे शंकू तयार झाले होते, ज्यांच्या वाकण्यावरून भट्टीचा ताव कळे.

1920 साली एक इंग्रज कुंभार आपल्या जपानी मित्राला घेऊन कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजला आला. दोघांनी तिथे जपानी पद्धतीची चढती भट्टी, म्हणजे उतारावर एकापुढे एक कप्पे असलेली, बांधली, पश्चिमेतली पहिली. माती मळण्यापासून भट्टीपर्यंत सगळे एकाच माणसाच्या नजरेखाली, हा त्यांचा आग्रह. व्यवहारात मात्र रोजच्या वापराची भांडी शिकाऊ मुले घडवत आणि त्यांवर कारखान्याचा शिक्का बसे. मालकाचा स्वतःचा शिक्का त्याच्या निवडक भांड्यांवर. आज लिलावात या दुसऱ्या शिक्क्याने किंमत कितीतरी पटींनी बदलते.

जपानी मित्र परतला आणि 1924 साली माशिको या कुंभारगावी गेला. पुढच्याच वर्षी त्याने, आणखी एका कुंभाराने आणि एका विचारवंताने मिळून ‘मिंगेई’, म्हणजे लोकांची कला, हा शब्द घडवला. खरे सौंदर्य अनाम हातांच्या, रोजच्या वापराच्या वस्तूंत असते, हा त्यामागचा विचार. लाडके उदाहरण होते एका कोरियन वाडग्याचे: कोणा खेडुताने फारसा विचार न करता घडवलेला, जपानी चहाच्या जाणकारांनी अमूल्य ठरवलेला. विचार मोहक आहे. पण ही मांडणी चालली होती तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता, 1910 पासून 1945 पर्यंत. त्या कुंभाराला नाव नव्हते असे नाही. ते लिहून ठेवायची कोणाला गरज वाटली नव्हती, इतकेच. या अनामतेचा गौरव ज्यांनी केला त्यांची नावे मात्र सर्वांना ठाऊक आहेत.

‘मिंगेई’ शब्द घडवणाऱ्या दोघा कुंभारांनी विचाराला जागून भांड्यांवर शिक्का मारणे सोडले. भांडे ज्या लाकडी पेटीतून गिऱ्हाइकाकडे जाई, तिच्या झाकणावर मात्र सही असे. पेटी हरवली की भांड्याचा भाव पडतो, हे संग्राहक जाणून असतात.

1955 साली जपान सरकारने, 1954 च्या कायदादुरुस्तीनुसार, कौशल्यांचे जतन करणाऱ्या व्यक्तींना मान्यता द्यायला सुरुवात केली. लोक त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. माशिकोच्या कुंभाराला हा मान मिळाला तो ‘मिंगेई भांडी’ याच प्रकारासाठी. ज्या कलेचा प्राण अनामता, तिच्यासाठी एका व्यक्तीचे नाव राजपत्रात! त्याने मान स्वीकारला, ‘मिंगेई’ शब्द घडवणाऱ्या दुसऱ्या कुंभाराने नाकारला. स्वीकारणाऱ्याची बाजू घेणारे सांगतात की त्यामुळे माशिकोला गिऱ्हाईक मिळाले, आणि ते खरेच आहे. तरीही विचाराशी इमान कोणी राखले, या प्रश्नाचे उत्तर मला एकच दिसते.

नावाचा गुंता चारच वर्षांनी सरकारच्या गळ्यात आला. 1294 सालचा लेख असलेली एक बरणी 1959 मध्ये महत्त्वाची सांस्कृतिक ठेव म्हणून जाहीर झाली. पुढच्या वर्षी एक हयात कुंभार म्हणाला, ही तर मी घडवली. क्ष-किरण तपासणीत ग्लेझमधल्या मूलद्रव्यांचे प्रमाण जुन्या भांड्यांशी जुळेना. 1961 साली दर्जा रद्द झाला; कुंभाराचे नाव उलट वाढले.

सेंट आइव्हजचा दबदबा मोडला तो वेगळ्याच वाटेने. 1938 साली व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या एका निर्वासित स्त्रीने युद्धकाळात सिरॅमिकची बटणे करून पोट भरले. कच्च्या भांड्यालाच ग्लेझ लावून विजेच्या भट्टीत एकदाच भाजायचे, ही तिची रीत. ओबडधोबड स्टोनवेअरच्या, म्हणजे कडक आचेवर भाजलेल्या घट्ट भांड्यांच्या, चाहत्यांना तिची पातळ, शहरी भांडी रुचत नव्हती. 1946 पासून तिच्याकडे काम करणाऱ्या तरुण निर्वासिताबरोबर तिने केलेल्या कपबशांच्या तळावर दोघांचेही शिक्के शेजारीशेजारी आहेत.

1954 नंतर लॉस एंजेलिसमध्ये फाडलेली, भोसकलेली, एकावर एक रचलेली माती आली. तिच्यात पाणी राहत नाही अशी तक्रार करणेच हास्यास्पद ठरले. 2003 साली ब्रिटनमधला समकालीन कलेचा मोठा पुरस्कार घट घडवणाऱ्या कलाकाराला मिळाला. त्या घटांवरच्या चित्रांचे विषय हिंसा आणि लैंगिकता. दालनांचे दरवाजे उघडले तसे निवेदनही अनिवार्य झाले: भांडे हातात घेऊन पाहता येत नाही, काचेपलीकडून वाचावे लागते. शिक्के आजही बहुतेक जण मारतात. वापराच्या भांड्यांना स्टुडिओचा आणि दालनात जाणाऱ्यांना स्वतःची सही, अशी विभागणी अनेकांकडे आहे.