काचेपलीकडचा एक मिलिमीटर

सांगलीतल्या आमच्या घरी तीन फुटांची गोड्या पाण्याची टाकी आहे, आणि तिच्यातल्या एका माशाच्या डोळ्याचा नीट फोटो मिळण्यासाठी मला जवळजवळ एक पावसाळा लागला. मासा 'मिस केरळ' या नावाने विकला जाणारा, अंगावर लाल आणि काळा पट्टा असलेला, मूळचा पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडील नद्यांचा. २०१३ साली त्याच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी 'सह्याद्रिया' असे नाव दिले, हे समजल्यापासून तो मला अधिकच आपला वाटू लागला. पहिल्या शे-दीडशे फोटोंत मात्र डोळ्याच्या जागी धुरकट वर्तुळ आणि त्याला जांभळी-हिरवी किनार एवढेच दिसत होते. दोष लेन्सचा असावा असे मी बरेच दिवस धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो लेन्स, काच आणि पाणी यांच्या परस्परसंबंधात होता.

मॅक्रो छायाचित्रण म्हणजे वस्तू आणि सेन्सरवर पडणारी तिची प्रतिमा यांचा आकार जवळजवळ सारखा असणे, म्हणजेच १:१ प्रमाण. ५ मिलिमीटरचा डोळा सेन्सरवरही ५ मिलिमीटरचाच उमटतो. या प्रमाणाची किंमत डेप्थ ऑफ फील्डमध्ये, म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणाऱ्या खोलीत मोजावी लागते. पूर्ण आकाराच्या (फुल-फ्रेम) सेन्सरवर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ/८ ठेवले, तर स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी जेमतेम १ मिलिमीटर भरते. एफ/१६ वर ती सुमारे २ मिलिमीटर होते, परंतु तोवर छिद्र इतके बारीक झालेले असते की प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडेशी तो पसरत असल्यामुळे, सगळाच फोटो थोडा मऊ पडू लागतो. मी बहुतेक वेळा एफ/११ वर थांबतो.

आता काचेकडे येऊ, कारण माझ्या मते या छंदातील निम्मे यश तिथेच ठरते. पाण्याने भरलेल्या विहिरीचा तळ वर आल्यासारखा दिसतो, हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचे माप, १.३३ असल्यामुळे समोरून पाहताना काचेमागे २० सेंटिमीटरवर असलेला मासा आपल्याला सुमारे १५ सेंटिमीटरवर असल्यासारखा दिसतो. हे अपवर्तन आपल्या सोयीचेच आहे. माझ्या लेन्सच्या टोकापुढे १:१ साठी सुमारे १५ सेंटिमीटर अंतर लागते. तिचे तोंड काचेला टेकवले की पाण्यात २० सेंटिमीटर खोलवर असलेला जीव तिच्या टप्प्यात येतो. पण हा हिशेब लेन्स काचेला अगदी समांतर असेल तरच जमतो. कॅमेरा तिरपा धरला की वस्तूच्या एकाच बिंदूपासून निघालेले किरण काचेपाशी वेगवेगळ्या कोनांत वळतात आणि पुन्हा एका बिंदूत मिळत नाहीत. शिवाय पाणी निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा किंचित अधिक वळवते, त्यामुळे कडांना रंगीत झालर येते. माझ्या फोटोंतली जांभळी-हिरवी किनार हीच होती. मासा माझ्याकडे तिरपा आला की मीही कॅमेरा तिरपा वळवत असे; त्याऐवजी लेन्सच्या रबरी हूडचे तोंड काचेवर सपाट टेकवून मासा समोर येण्याची वाट पाहू लागल्यावर, तीच लेन्स दुसरीच असल्यासारखी काम करू लागली. हूडमुळे खोलीतल्या दिव्यांचे प्रतिबिंबही बंद होते. गोल बरणीत मात्र हे शक्यच नाही, आणि माशांच्या दृष्टीनेही तशी बरणी वाईटच.

दुसरी अडचण हालचालीची. सेकंदाला १० सेंटिमीटर या निवांत वेगाने जाणारा मासा १/२०० सेकंदात अर्धा मिलिमीटर सरकतो. १:१ प्रमाणात सेन्सरवरही तो अर्धा मिलिमीटरच सरकतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरवर त्याचे सुमारे ८० पिक्सेल होतात. इतक्या हललेल्या प्रतिमेत खवल्यांची रेघही उरत नाही. म्हणून खोलीत अंधार करून प्रकाश फक्त फ्लॅशचा वापरावा. ताकद कमी ठेवली की फ्लॅशचा झोत सुमारे १/१०,००० सेकंद टिकतो आणि तेवढ्यात मासा दीड-दोन पिक्सेलच हलतो. फ्लॅश कॅमेऱ्यावर नव्हे, तर टाकीच्या वर, पाण्याकडे तोंड करून ठेवावा. समोरून मारलेला प्रकाश काचेवरून परत येतोच, शिवाय माशाच्या त्वचेतील ग्वानीनच्या चकचकीत स्फटिकांवरून आरशासारखा उलटतो आणि माशाच्या अंगावर पांढरा डाग उमटवतो. वरून आलेल्या प्रकाशात तेच स्फटिक खवल्यागणिक वेगळी चमक दाखवतात. निऑन टेट्राचा निळा पट्टाही रंगद्रव्याचा नसून अशाच स्फटिकांच्या थरांनी घडवलेला असतो, आणि पाहण्याचा कोन बदलला की त्याची छटा बदलते.

प्रवाळांचा अनुभव मला मिरजेतल्या एका स्नेह्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीने दिला. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना चिलर लावून पाणी २६ अंशांवर ठेवणे, बाष्पीभवनाने पाणी घटले की आरओचे गोडे पाणी घालून क्षारता दर हजारी ३५ वर राखणे, हे ते वर्षानुवर्षे निष्ठेने करत आले आहेत. त्यांच्याकडे डिस्कोसोमा आहेत. हे छत्रीसारखे जीव दगडी प्रवाळांचे जवळचे आप्त असले, तरी त्यांना दगडी सांगाडा नसतो. सांगाडा बांधणारी सर्व प्रवाळे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये आहेत. फोटोच्या मोहाने कोणी देऊ केली, तरी ती घेऊ नयेत.

या टाकीवरचे दिवे प्रामुख्याने निळे असतात. त्या प्रकाशात प्रवाळ हिरवे-लाल उजळतात, कारण त्यांच्यातील प्रथिने निळा प्रकाश शोषून कमी ऊर्जेचा, म्हणजे अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. असे हिरवे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली जेलीफिशमधून वेगळे केले, आणि त्या कामासाठी २००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत आज वापरले जाणारे एक प्रसिद्ध लाल प्रथिन १९९९ साली डिस्कोसोमामधूनच मिळाले. कॅमेऱ्याला मात्र हा देखावा झेपत नाही. सेन्सरच्या दर चार पिक्सेलपैकी एकच निळ्यासाठी असतो आणि या दिव्यांखाली तो लगेच भरून वाहतो, तर लाल आणि हिरव्या पिक्सेलांना फारसे काही मिळत नाही. लेन्सपुढे पिवळा फिल्टर लावला की दिव्याचा निळा प्रकाश अडतो आणि प्रवाळाने स्वतः टाकलेला प्रकाश तेवढा आत येतो. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये घ्यावा, आणि नंतर संगणकावर रंग चढवण्याचा मोह आवरावा. मुळात असलेला रंग पुरेसा आश्चर्यकारक आहे.

पंपाच्या प्रवाहात प्रवाळ सतत डोलत असतात, म्हणून फोटोपुरता प्रवाह बंद करावा लागतो. दोन-तीन मिनिटांत तरंगणारा गाळ खाली बसतो, आणि मग छत्रीच्या मधोमध असलेले त्या जीवाचे तोंड, त्याची आखडणारी कड आणि पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दिसू लागतात. फोकस किंचित पुढे सरकवत दहा-बारा फोटो घेतले, तर संगणकावर ते जोडून पूर्ण जीव स्पष्ट करता येतो. एकदा या नादात प्रवाह पुन्हा सुरू करण्याचे माझ्याकडून राहून गेले, आणि तासाभराने मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. तेव्हापासून मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावल्याशिवाय मी पंपाच्या बटणाला हात लावत नाही.

गेल्या महिन्यात घरच्या माशाचा फोटो मोठा करून पाहताना शेपटीच्या परावर मिठाच्या कणाएवढा एक पांढरा ठिपका दिसला. टाकीसमोर उभे राहून तो मला दिसलाच नव्हता. ती व्हाइट स्पॉट रोगाच्या परजीवीची सुरुवात होती. हा परजीवी त्वचेखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो सुटून पाण्यात पोहू लागतो तेव्हाच मरतो, म्हणून ठिपका गेला तरी औषध काही दिवस चालू ठेवावे लागते. दहाव्या दिवशी त्याच बाजूने, काचेला तसेच समांतर राहून पुन्हा फोटो घेतला, तेव्हा पराच्या काड्यांमधला पडदा स्वच्छ होता.