माफक पिणारा निरोगी, की माफक पिण्याने निरोगी?

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे बऱ्याच पिणाऱ्यांच्या गावीही नसतं. १९४९च्या दारूबंदी कायद्याची ही देणगी. गंमत म्हणजे हा परवाना मिळतो तो आरोग्य राखण्याच्या कारणाखाली. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांची कळी खुलली. "बघ! सरकारलाही पटलंय."

मामा रोज संध्याकाळी एकच घेतात. 'हृदयाला बरी' म्हणून. या समजुतीला आधारच नाही असं म्हणता येणार नाही. १९९१ साली अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात सांगितलं गेलं, की फ्रेंच लोक लोणी-चीज हाणूनही हृदयविकाराने कमी मरतात आणि याचं श्रेय बहुधा रेड वाईनचं. तिकडे रेड वाईनचा खप धडाधड वाढला. त्याच्याही कितीतरी आधीपासून पाहण्यांमधून एक आलेख पुढे येत होता: भरपूर पिणारे सगळ्यांत लवकर जातात, अजिबात न पिणारे त्यांच्यापेक्षा उशिरा, आणि थोडी पिणारे सगळ्यांत उशिरा.

आलेख खोटा नाही, घोटाळा तो वाचण्यात आहे. 'थोडी पिणारे निरोगी असतात' हे निरीक्षण झालं. 'थोडी प्यायल्याने माणूस निरोगी राहतो' हा दावा झाला. पहिलं खरं असलं म्हणून दुसरं आपोआप खरं होत नाही.

न पिणाऱ्यांच्या रांगेत उभं कोण आहे ते बघा. जन्मात थेंब न घेतलेली आजी आहे. तिच्याच मागे यकृताने हात टेकल्यावर डॉक्टरांनी बाटली सोडायला लावलेला माणूस आहे, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या म्हणून बंद केलेलाही. या रांगेची तब्येत बिघडलेली दिसणारच. शेजारच्या रांगेत रोज एकच घेऊन थांबणारे. असा माणूस बहुतेकदा वेळेवर जेवतो, सकाळी फिरायला जातो, त्याच्या गाठीला चार पैसे असतात. मुळात जो एकावर थांबू शकतो, तो बाकीच्या गोष्टींतही थांबू शकतो. संशोधक टिम स्टॉकवेल आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली १०७ अभ्यास एकत्र करून असे दोष वजा केले. मग थोडी पिणाऱ्यांचं आयुष्य जास्त असल्याचं ठामपणे म्हणण्यासारखं काही उरलं नाही.

चीनमधला पुरावा मला त्याहून पटतो. पूर्व आशियात अनेकांच्या अंगात असं जनुक असतं, की दोन घोट घेतले की तोंड लालबुंद होतं, मळमळतं. ते आपोआपच कमी पितात. जनुक जन्मतः मिळतं. पगार, शिस्त, आजारपण बघून वाटलं जात नाही. पाच लाखांवर लोकांच्या तिथल्या पाहणीत नेहमीच्या पद्धतीने मोजलं तर थोडी पिणाऱ्यांना पक्षाघात कमी दिसला. जनुकांच्या आधारे मोजल्यावर तो फायदा गायब झाला. जितकी दारू जास्त, तितका धोका जास्त. हे २०१९चं.

मग दारू काहीच चांगलं करत नाही का? करते. एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते थोडं वाढतं. पण सोबत रक्तदाबही वाढतो, आणि दारूचं शरीरात जे असिटाल्डिहाइड होतं ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत १९८८पासून मद्य हे पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांत आहे, तंबाखूच्या पंगतीला. बायकांमध्ये रोजच्या दर १० ग्रॅम अल्कोहोलमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका साधारण ७ टक्क्यांनी वाढतो. एका पेगच्या पातळीवर एकट्या माणसाचा धोका फार मोठा नाही, हेही खरं. पण ते औषध नक्कीच नाही.

आता मामांचा 'एकच'. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची ४२.८ टक्केवाली व्हिस्की ३० मिली घेतली की ते भरतं. लार्ज, म्हणजे ६० मिली, हे दोन झाले. ६५० मिलीची ८ टक्केवाली स्ट्राँग बिअर जवळपास चार. 'एकच बाटली' म्हणणाऱ्याने एवढं गणित करावं.

मामा मापाने ओतत नाहीत, स्टीलच्या पेल्यात अंदाजाने ओततात. त्या दिवशी मी खोकल्याच्या औषधाचं टोपण आणलं आणि १०-१० मिली मोजत तीनदा त्यांच्या पेल्यात रिकामं केलं. पेल्याचा तळ जेमतेम झाकला गेला. मामांनी पेला तिरपा करून आत पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे एक?"