कंत्राटी कामगाराचा खरा मालक कोण?

अंधेरीतल्या एखाद्या ऑफिसात लादी पुसणाऱ्या मावशींच्या शर्टावर कंपनीचं नाव असतं आणि गळ्यातल्या कार्डावर एजन्सीचं. टेंडर बदललं की कार्ड बदलतं. मावशी त्याच, बादली तीच, मजलाही तोच, पण नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची. पगार थकला तर कंपनी एजन्सीकडे बोट दाखवते आणि एजन्सी अडकलेल्या बिलाकडे. मुंबईत हा खेळ एजन्सी हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

कापड गिरणीत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात असे. त्याला दस्तुरी, म्हणजे कामाच्या बदल्यात पैसे द्यायचे आणि त्याची मर्जी सांभाळायची. कायम नसलेला तो ‘बदली’. रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर आत, नाहीतर खोलीवर परत. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कार्डं सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्ड मिळे आणि काम निघालं तर आधी त्यांना. जॉबरची मनमानी थोडी आटोक्यात आली, तरी बदली बदलीच राहिला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हाही बदली कामगारांना कायम करा ही मागणी होतीच.

या प्रश्नाला मुंबईने स्वतःचं असं एक उत्तर काढलं, आणि माझ्या मते ते सगळ्यांत हुशारीचं होतं. मशीद बंदर, दाणा बंदरातला हमाल आज या व्यापाऱ्याची गोणी उचलणार, दुपारी दुसऱ्याची. त्याचा मालक कोण ठरवायचा? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्याने या प्रश्नाला बगलच दिली. कामगाराची आणि व्यापाऱ्याची नोंद या कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे करायची. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, व्यापाऱ्याने मंडळात भरायची. मंडळ त्यातून मजुरी देणार आणि प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, बोनसही सांभाळणार. व्यापारी बदलला तरी खातं तेच. १९८१ मध्ये हीच रचना खासगी सुरक्षारक्षकांसाठी आली. हाउसकीपिंगला मात्र ती कधीच लागू झाली नाही, आणि एजन्सीवाल्यांना ते सोयीचंच पडलं.

देशाच्या कायद्याची वाट वेगळी होती, पण तीही निघाली मुंबईतूनच. ट्रॉम्बेच्या स्टँडर्ड व्हॅक्युम रिफायनरीत सफाई ठेकेदाराकडून होत असे. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. हे काम बारमाही आहे, कारखान्याला लागणारं आहे, पूर्णवेळ माणसं लागतील एवढं आहे, मग ठेका कशाला? ठेका कधी बंद करायचा, हे ठरवायला याच कसोट्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात उतरल्या. वीस किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथे तो लागू होई. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा, हेही त्यात होतं. महाराष्ट्राने पुढे ही वीसची मर्यादा पन्नासवर नेली, म्हणजे एकोणपन्नास माणसांचा ठेका सुटला.

पण ठेका बंद झाल्यावर कामगाराचं काय, हे कायद्यात लिहिलेलंच नव्हतं. मुंबईत एअर इंडियाच्या सफाई कामगारांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्यांना थेट सेवेत घ्या. २००१ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवलं. आपोआप कायम होता येणार नाही, ठेका निव्वळ दिखाऊ होता हे सिद्ध करा. राज्याच्या १९७१ च्या कायद्याने कामगाराला वर्षानुवर्षं ‘बदली’, ‘तात्पुरता’ ठेवून कायमपण नाकारणं ही अनुचित प्रथा ठरवली आहे. पण २००१ मध्येच सिप्लाच्या खटल्यात ठरलं की मालकानेच मालक-कामगार हे नातं नाकारलं असेल, तर आधी ते नातं दुसऱ्या न्यायाधिकरणात सिद्ध करून या, मगच या कायद्याखाली दाद मागा.

ते सिद्ध करता येतं, पण किती दमाने, ते कचरा वाहतूक श्रमिक संघाला विचारावं. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्यांना कागदावर चक्क ‘स्वयंसेवक’ म्हटलं जात होतं आणि पगाराला मानधन. रस्त्यावरचा कुजका ढीग रोज फावड्याने गाडीत भरणारा माणूस म्हणे सेवाभावाने आलेला. संघाने हा ठेका दिखाऊ असल्याचं औद्योगिक न्यायाधिकरणात सिद्ध केलं आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० जणांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावं लागेल. पन्नासची मर्यादा आता देशभर आहे. मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत, असाही नियम आहे. पण मुख्य काम म्हणजे काय, याच्या व्याख्येतून सफाई, पहारा, कँटीन, माल चढवणं-उतरवणं वगळलंय, आस्थापनाच त्या कामासाठी काढलेली नसेल तर. रिफायनरी काही सफाईसाठी काढलेली नसते. १९६० मध्ये ज्या कामावरून ट्रॉम्बेचे कामगार जिंकले, तेच काम आज या यादीत पहिलं आहे.