रूळ-सफाई इंजिन (बागेतील रेल्वे)

रूळ-सफाई इंजिन : बागेत उघड्यावर मांडलेल्या छोट्या आगगाडीच्या रुळांचा माथा घासून स्वच्छ करणारे, स्वतःच्या मोटरीवर चालणारे इंजिन. अशा गाड्यांच्या दोन रुळांमधील अंतर बहुधा ४५ मिमी. असते. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी या नावाने त्या बाजारात आणल्या आणि त्यांचे १:२२.५ हे प्रमाण मीटर गेजला (खऱ्या रुळांमधील एक मीटर अंतराला) धरून ठेवले. पुणे–मिरज मार्गावर पूर्वी मीटर गेज गाड्या धावत असल्याने सांगली-मिरजेच्या हौशी माणसाला हे प्रमाण सोयीचे पडते. मिरज–लातूर मार्गावरील बार्शी लाइट रेल्वे मात्र ७६२ मिमी. गेजची होती, तेव्हा तिची प्रतिकृती याच रुळांवर चालवायची तर प्रमाण सुमारे १:१७ धरावे लागते.

या गाड्यांना वीज रुळांतूनच मिळते. दोन रूळ म्हणजे जणू दोन तारा. इंजिनाची चाके आणि रुळावर टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या त्यांतून प्रवाह उचलतात. रूळ बहुधा पितळी असतात व उघड्या हवेत काळवंडतात. चाक आणि रूळ यांच्यामध्ये उडणाऱ्या बारीक ठिणग्यांमुळे त्यांवर काळा थरही साचतो. सांगली परिसरात पावसाळ्याइतकाच आंब्याचा मोहर त्रासदायक ठरतो, कारण मोहरावरील तुडतुडे जो गोडसर चिकटा सोडतात तो झाडाखालच्या रुळांवर पडतो, त्यावर धूळ बसते आणि गाडी तेवढ्याच दोन-तीन हातांत आचके देऊ लागते.

रूळ-सफाई इंजिनात दोन मोटरी असतात. एक मोटर चालण्याची चाके फिरवते, दुसरी सफाईची खरखरीत चाके. इंजिन सावकाश पुढे सरकत असताना सफाईची चाके त्याहून पुष्कळ अधिक वेगाने फिरतात व वेगातील या फरकामुळेच घर्षण होते. दोन्ही मोटरी एकाच वेळी चालत असल्याने साध्या इंजिनापेक्षा अधिक प्रवाह लागतो आणि रुळांना वीज पुरवणारा लहान पॉवरपॅक लवकर तापतो. सफाईची चाके सुरू असताना इंजिन अडकून एका जागी राहिले, तर रुळाला तेथेच घळ पडते. म्हणून ते नजरेआड सोडू नये.

सफाईपूर्वी पाने, खडे व शेणखताचे कण केरसुणीने झाडून घेतात. चिकटा आधी ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर खरखरीत चाकांवर त्याचाच लेप बसतो. ओल्या रुळावर चालणारी चाके घसरत असल्याने रूळ कोरडे होऊ देणे बरे. एक-दोन सावकाश फेऱ्या सहसा पुरतात. त्यानंतर उरलेली पितळी पूड कोरड्या फडक्याने टिपतात. भरड पॉलिशपेपरने हाताने घासण्याची सवय चांगली नाही, कारण त्याने उठलेल्या ओरखड्यांत मळ पुन्हा लवकर धरतो. देवघरातली समई चिंचेने लख्ख होते म्हणून रुळांनाही चिंच लावण्याचा मोह होतो. पण आंबट अंश सांध्यांत राहिला तर पितळ पुन्हा काळे-हिरवे पडते.

या इंजिनाकडून अवाजवी अपेक्षा ठेवल्या जातात. ते फक्त रुळाचा माथा उजळते. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटच्या आतला गंज त्याच्या आवाक्याबाहेर असतो. माथा चकचकीत असूनही वीजजोडणीपासून दूरच्या टोकाला गाडी मंदावत असेल, तर गाडी चालू असताना मल्टीमीटरने दोन्ही टोकांचा व्होल्टेज मोजावा. दूरच्या टोकाला तो बराच कमी भरला, तर फिशप्लेट उघडून साफ करणे, स्क्रूने आवळणारे क्लॅम्प बसवणे किंवा सांध्यावरून तार डाखून जोडणे हाच उपाय असतो. गाडीच्या इंजिनातच बॅटरी बसवली, तर रुळांतून वीज घ्यावी लागत नाही आणि काळवंडलेल्या पितळेचा प्रश्न उरत नाही. पाने आणि खडे तेवढे झाडावे लागतात.