उंची हेच इंधन

विमान उतरायला लागलं की थोड्या वेळात इंजिनांची घरघर एकदम बसते. कानांत दडे बसतात आणि घाबरट प्रवाशाच्या पोटात गोळा येतो. त्या वेळी वैमानिकाने इंजिनांचा जोर अगदी किमान करून ठेवलेला असतो आणि शंभरेक टनांचं ते धूड बराच वेळ नुसतं घसरत खाली येत असतं. इंजिनांच्या जोराशिवाय खाली येणं हा जवळजवळ प्रत्येक उड्डाणाचा नेहमीचाच भाग आहे.

पंखांना हवी असते वाहती हवा. ती इंजिनाच्या रेट्याने मिळाली काय आणि उतारावरून मिळाली काय, पंखांना त्याचं सोयरसुतक नसतं. उतारावर पायडल न मारता सायकल पळते, तसं नाक किंचित खाली केलेलं विमान स्वतःच्या वजनावर पुढे जात राहतं. मोठं जेट एक किलोमीटर उंची खर्चून साधारण पंधरा ते अठरा किलोमीटर अंतर कापतं. दहा किलोमीटरवर इंजिनं बंद पडली, तर वारा अनुकूल असताना दीडशे किलोमीटरच्या टप्प्यातली कुठलीही धावपट्टी आवाक्यात येते. यात वजनाने फारसा फरक पडत नाही. भरलेलं विमान रिकाम्याइतकंच लांब जातं, फक्त जास्त वेगाने.

गोची असते ती पुढेच. हे भांडवल एकदाच मिळतं आणि त्यात भर घालता येत नाही.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमधून उडालेल्या एअरबस ए-३२० च्या दोन्ही इंजिनांत कॅनडा गीज जातीचे पक्षी शिरले, तेव्हा विमान जेमतेम २,८०० फुटांवर होतं. मागे वळायचं तर वळणातच बरीच उंची खर्ची पडणार. कॅप्टन सलेनबर्गर यांनी हडसन नदी निवडली आणि १५५ जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर हा प्रसंग पुन्हा उभा केला गेला. पक्षी आदळताक्षणी वळलेले काही वैमानिक धावपट्टीवर पोचले. पण परिस्थिती समजून घ्यायला लागणारे ३५ सेकंद हिशेबात धरल्यावर तो प्रयत्न फसला.

याच्या अगदी उलट गोष्ट अटलांटिक महासागरावरची. २४ ऑगस्ट २००१ ला टोरोंटोहून लिस्बनकडे निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए-३३० मधून इंधन गळत होतं. शेवटी दोन्ही इंजिनं बंद पडली. विमानात ३०६ माणसं, खाली समुद्र आणि अझोर्स बेटांवरचा लाजेस तळ सुमारे १२० किलोमीटरवर. तिथे पोचेपर्यंत उंची कमी पडायच्या ऐवजी जास्तच उरली. ती जिरवायला वैमानिकांना एक पूर्ण घिरटी घ्यावी लागली आणि वर नागमोडी वळणंही. बिनइंजिनाच्या विमानाला उंची उरणं हे कमी पडण्याइतकंच धोक्याचं, कारण धावपट्टी ओलांडून पुढे गेलात तर पुन्हा वर चढून दुसरी फेरी मारता येत नाही. ते उतरले, टायर फुटले, पण सगळे जिवंत राहिले.

या हिशेबाचं सर्वांत देखणं उदाहरण मात्र २३ जुलै १९८३ चं, कॅनडातल्या गिमली गावचं. एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधनाचा मापक बिघडलेला, म्हणून टाकीतलं इंधन हाताने मोजून लिटरचे किलो केले गेले. देश तेव्हा मेट्रिक मापांकडे वळत होता. हवे होते २२,३०० किलो. एका लिटरचं वजन सुमारे ०.८ किलो, पण गुणलं गेलं १.७७ ने. तो आकडा एका लिटरमागच्या पौंडांचा होता. किलो समजून निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि ४१,००० फुटांवर असताना ते संपत आलं.

दोन्ही इंजिनं गेली तसे कॉकपिटचे पडदे काळे पडले, कारण वीज इंजिनंच पुरवतात. सुकाणू आणि पंखांवरच्या पट्ट्या हलवणारा हायड्रॉलिक दाबही तिथूनच येतो. अशा वेळी विमानाच्या पोटातून एक छोटा पंखा आपोआप बाहेर येतो, रॅम एअर टर्बाइन. समोरून येणाऱ्या हवेवर तो फिरतो आणि निकडीपुरता दाब देतो. त्याची एक मेख आहे. उतरताना वेग कमी करावा, तर पंखाही मंदावतो आणि ऐन मोक्याला नियंत्रणं जड होतात.

विनिपेग शहराच्या विमानतळापर्यंत पोचणं जमणार नाही, हे सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी उतरण्याच्या दरावरून काढलं. जवळ गिमलीचा जुना हवाई दलाचा तळ होता आणि तिथे त्यांनी पूर्वी नोकरी केली होती. त्या धावपट्टीवर आता मोटारींच्या शर्यती होतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्या दिवशी शर्यतप्रेमी कुटुंबकबिल्यासह तिथेच जमले होते.

पट्टी दिसली तेव्हा विमान फार वर होतं. नाक खाली घालावं तर वेग वाढतो, आणि फ्लॅप, म्हणजे वेग कमी करायला पंखांमागे उघडणाऱ्या पट्ट्या, उघडायला दाब नाही. कॅप्टन बॉब पिअरसन हौसेने ग्लायडर उडवत. त्यांनी ग्लायडरवाल्यांची युक्ती वापरली. सुकाणू एका बाजूला दाबायचं आणि पंख उलट बाजूला कलवायचे. मग विमान तिरकं, खांदा पुढे काढून घसरतं. सगळं अंग हवेला अडतं, म्हणून वेग न वाढता उंची झरझर उतरते. छोट्या विमानात हे रोजचं, पण प्रवासी जेटमध्ये कोणी स्वप्नातही करत नाही. खिडकीतून एका बाजूच्या प्रवाशांना आभाळ दिसत होतं, दुसऱ्यांना थेट जमीन.

टेकण्याच्या जरा आधी त्यांनी विमान सरळ केलं. पुढचं चाक नीट अडकलं नव्हतं, ते मिटलं, नाक जमिनीवर घासत गेलं आणि त्या घर्षणाचा थांबायला उपयोगच झाला. इंजिनांचा आवाज नसल्याने खालच्या लोकांना विमान येतंय हे उशिरा कळलं. सायकलवरची दोन मुलं तर जीव खाऊन पायडल मारत पट्टीवरून पळत होती. सगळे ६९ जण बचावले. शेपूट उंच राहिल्याने मागची घसरगुंडी फार उभी झाली होती, तिच्यावरून उतरताना काहींना खरचटलं, इतकंच.

दोन दिवसांत तात्पुरती दुरुस्ती करून विमान तिथूनच उडवून नेलं, आणि २००८ पर्यंत ते प्रवाशांची ने-आण करत राहिलं.