उसाच्या रसापासून बोटाच्या टोकापर्यंत: प्रकाशाने साखर मोजण्याची पार्श्वभूमी

रक्त न काढता, नुसत्या प्रकाशाने साखर सांगणारी घड्याळे, अंगठ्या आणि बोटात अडकवायचे चिमटे आता लातूर-नांदेडच्या दुकानांतही विचारले जातात. मराठवाड्याला खरे तर प्रकाशाने साखर मोजणे मुळीच नवे नाही. गाळप हंगामात लातूर, धाराशिव, बीड, जालन्यातल्या प्रत्येक साखर कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसरात्र तेच चालते. तिथे जे साधते ते त्वचेवर का साधत नाही, एवढे कळले की या यंत्रांचा सगळा इतिहास उलगडतो.

कारखान्यात रसाचा 'पोल', म्हणजे साखरेचे प्रमाण, काढतात ते पोलारीमीटर या यंत्रावर. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल फिरवते, आणि साखर जितकी जास्त तितका कोन जास्त. हा गुण फ्रान्सच्या बियो या भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासला. पुढे मधुमेहींच्या लघवीतली साखरही याच यंत्रावर मोजली जाऊ लागली. रसात 13 टक्के साखर असेल तर 200 मिलिमीटरच्या नळीत प्रतल सुमारे 18 अंश फिरते. पण केमिस्ट कच्चा रस कधीच नळीत ओतत नाही. आधी लेड सबॲसिटेट घालून गढूळपणा खाली बसवायचा, मग गाळायचे, गाळलेला पहिला भाग टाकून द्यायचा, नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, तापमान सांभाळायचे. यातले काहीही चुकले की आकडा बिघडतो. शिळ्या उसात साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. फ्रुक्टोज प्रतल उलट्या दिशेला फिरवते, त्यामुळे पोल घसरतो. म्हणजे इतक्या तयारीनंतरही प्रकाशाला दिसते ती सगळ्या घटकांची बेरीज.

रक्तात साखर किती असते? 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरला एक ग्रॅम. प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात मिळून चमचाभर. शिवाय माणूस गाळता येत नाही. म्हणून संशोधकांनी शरीरातली सर्वांत स्वच्छ खिडकी निवडली, ती डोळ्याची. बुबुळापुढच्या पाण्यातून ध्रुवित प्रकाश आडवा पाठवून साखर मोजण्याचे प्रयोग 1980च्या दशकात सुरू झाले. तिथला मार्ग जेमतेम एक सेंटिमीटरचा, त्यामुळे 100च्या साखरेला कोन मिळतो सुमारे 0.005 अंश. कारखान्यातल्या कोनापेक्षा साडेतीन हजार पटींनी लहान. त्यात डोळा हलला की पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, स्वतःच प्रकाशाचे ध्रुवण बदलते. कागदावर ही कल्पना देखणी होती.

रक्ताच्या साखरेसाठी घरोघरी जे पोहोचले ते वेगळ्याच वाटेने. 1970 साली अमेरिकेच्या एम्स कंपनीने अँटन क्लेमेन्स यांनी घडवलेला मीटर बाजारात आणला. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने धुवायचा, आणि उरलेल्या निळ्या रंगावरून परतणारा प्रकाश यंत्राने मोजायचा. वजन सव्वा किलोच्या आसपास. हा मीटरही प्रकाशाचाच, पण साखर ओळखण्याचे काम पट्टीवरचे एन्झाइम, म्हणजे नेमक्या ग्लुकोजशीच क्रिया करणारे प्रथिन, करत होते. प्रकाशाने फक्त रंग वाचला. आजच्या बहुतेक पट्ट्या रंगाऐवजी वीजप्रवाह मोजतात, साखर ओळखायला एन्झाइम मात्र लागतेच.

मग 1974 साली जपानच्या ताकुओ आओयागी यांचा पल्स ऑक्सिमीटर आला आणि बोटातून प्रकाश पाठवून ऑक्सिजन कळू लागला. कोविडात तो आपल्याकडे गावागावांत पोहोचला. 'ऑक्सिजन कळतो, मग साखर का नाही?' हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की तिथे मोजतात हिमोग्लोबिनचा रंग. ते ग्लुकोजच्या सुमारे दीडशे पट असते आणि ऑक्सिजन मिळाला की त्याचा रंग बदलतो. ग्लुकोजला रंगच नाही. त्याच्या जरा ठळक शोषणपट्ट्या, म्हणजे ज्या तरंगलांबीचा प्रकाश ते शोषते त्या जागा, डोळ्यांना न दिसणाऱ्या 1500 ते 1800 आणि 2000 ते 2500 नॅनोमीटरमध्ये आहेत, आणि तिथेच पाणी बहुतेक प्रकाश गिळून टाकते. त्वचेचे तापमान एका अंशाने बदलले तरी पाण्याच्या पट्ट्या सरकतात, आणि तो बदल साखरेतल्या चढउतारापेक्षा मोठा दिसतो. मे महिन्यात परभणीच्या उन्हातून आत आलेल्या माणसाचे बोट कूलरसमोर किती वेगाने थंड होते, हे यावरून लक्षात घ्यावे.

1990च्या दशकात तरीही मोठमोठे दावे झाले. डायसेन्सर 1000 या यंत्रावर हाताचा कोपरापुढचा भाग ठेवायचा असे, आणि प्रत्येक रुग्णासाठी ते वेगळे जुळवावे लागे. 1996 साली एफडीए या अमेरिकी औषध-उपकरण नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने त्याच्या विरोधात कौल दिला. पण खरा घाव 1998चा. अरनॉल्ड, बर्माइस्टर आणि स्मॉल या संशोधकांनी ग्लुकोजचा कणही नसलेल्या कृत्रिम नमुन्यांचे वर्णपट (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला जातो त्याचे आलेख) घेतले, त्यांना साखरेचे आकडे जोडले, आणि तरीही 'चालणारे' गणिती प्रारूप तयार करून दाखवले. साखर पाजून घेतलेल्या चाचणीत आकडा आधी चढतो, मग उतरतो. त्याच वेळात यंत्र हळूहळू तापत असेल, तर गणित त्या तापण्यालाच साखर समजते.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हीच चूक छोट्या रूपात होते. 940 नॅनोमीटरचा एलईडी, समोर प्रकाश टिपणारा फोटोडायोड, ॲम्प्लिफायर, अर्डुइनोचा छोटा बोर्ड, आणि पाच-दहा मित्रांच्या आकड्यांवरून काढलेले समीकरण. हा एलईडी घेतात तो स्वस्त आणि सहज मिळतो म्हणून. त्या तरंगलांबीवर ग्लुकोजचे शोषण अगदी क्षीण आहे. आकडा हलतो तो बोट किती दाबले, कातडी किती जाड, खोलीत उजेड किती, यावर. सगळे मित्र निरोगी असतील तर '105' एवढेच छापणारे यंत्रही बऱ्यापैकी अचूक ठरेल.

गंभीर काम थांबलेले नाही. 1928 साली कोलकात्यात सापडलेल्या रामन परिणामात, म्हणजे रेणूवरून विखुरताना प्रकाशाच्या तरंगलांबीत होणाऱ्या बदलात, ग्लुकोजची स्वतःची खूण मिळते, फक्त ती अतिशय मंद असते. 2020 साली एमआयटीच्या गटाने डुकराच्या कानातून ती थेट टिपली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रकाश टाकून उठणारा ध्वनी ऐकण्याच्या पद्धतीवर काम झाले आहे. 2018 साली अमेरिकेत मान्यता मिळालेला एव्हरसेन्स हा साखरेचा सेन्सर प्रकाशानेच वाचतो, पण त्यासाठी साखरेला प्रतिसाद देणारे चमकणारे रसायन असलेली कांडी कातडीखाली बसवावी लागते. पुन्हा मध्ये रसायन आलेच.

फेब्रुवारी 2024 मध्ये एफडीएने स्पष्ट केले की त्वचेला छेद न देता स्वतः साखर मोजणारे एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. कातडीत बारीक तार घालून दंडावर चिकटवलेल्या सेन्सरचा आकडा नुसता दाखवणारे घड्याळ वेगळे. तिथे मोजमाप सेन्सरच करतो.

हातात असे यंत्र आलेच तर आधी ते खोडरबरावर लावून पाहा. साखरेचा आकडा आला तर ते यंत्र खोटे, पुढे तपासायची गरज नाही. नाही आला, तर एक दिवस जेवणानंतर आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नुसते पाणी पिऊन आकडे घ्या, सोबत पट्टीवरचेही घ्या. दोन्ही दिवशी यंत्राचा आलेख सारखाच चढला, तर ते साखर नव्हे, नुसती वेळ मोजते आहे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही उपाशी राहण्याची चाचणी स्वतःवर करू नये, आणि अशा यंत्राच्या आकड्यावरून डोस तर मुळीच ठरवू नये.